आगम, भोग आणि कागद

'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रानात दिवसभर कोण हिंडला, सशाचा माग प्रथम कोणी काढला, याची चौकशी करण्यास जगाला सवड नसते. ज्याच्या हाती ससा दिसतो त्यालाच पारधी म्हणून जग मोकळे होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात मात्र नेमका याच्या उलट निवाडा आढळतो. मृग कोणाचा, तर ज्याचा बाण त्यास लागला त्याचा. आणि शेत कोणाचे, तर ज्याने तेथील खुंट काढून ती भूमी वहितीस आणली त्याचे. मूळ प्रकरण निराळ्या विषयाचे आहे आणि हा नियम तेथे केवळ दाखला म्हणून आला आहे. परंतु दाखला म्हणून द्यावा इतका तो त्या काळी सर्वमान्य होता, एवढे त्यावरून खचित म्हणता येते.

म्हणीने जगाची रीत सांगितली, स्मृतीने न्याय सांगितला. या दोहोंमधील अंतर जमिनीच्या बाबतीत जितके तीव्रतेने जाणवते तितके क्वचितच अन्यत्र जाणवत असेल. राज्य नावाची संस्था अस्तित्वात येण्यापूर्वीपासून जे लोक एखाद्या डोंगरावर, बेटावर वा नदीकाठी नांदत आले, त्यांच्याकडे मागाहून आलेल्या राज्याने मालकीचा कागद मागावा काय? आणि कागद नाही म्हणून त्यांस त्यांच्याच भूमीवर अतिक्रमणदार ठरवावे काय? हा प्रश्न कायद्याचा खराच, परंतु त्याचे मूळ नीतिविचारात आहे. आम्ही राज्य शासनाच्या महसूल खात्यात तीसहून अधिक वर्षे काढली. खसरा, खतौनी, नकाशा, पट्टा यांच्याच सहवासात उमेदीचा काळ गेला. त्यामुळे कागदाचे महत्त्व आम्हांस कोणी पटवून देण्याची गरज नाही. कागद नसता तर गरिबाची जमीन सावकाराने केव्हाच गिळली असती. तरीही कागदाची सत्ता कोठवर चालावी, याचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

हा प्रश्न अत्यंत स्वच्छ स्वरूपात न्यायासनापुढे मांडला गेला तो आपल्यापासून फार दूर. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीत मरे या नावाने ओळखली जाणारी तीन चिमुकली बेटे आहेत. मेर हे त्यांतील मोठे. दावर व वायर ही लहान. तिन्ही मिळून क्षेत्रफळ जेमतेम नऊ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दोन-तीन मध्यम गावांच्या शिवाराएवढे. तेथील मेरियम लोक पिढ्यानुपिढ्या बागा करीत आले आणि मासेमारी करीत आले. प्रत्येक घराण्याच्या बागेची हद्द ठरलेली असे. ती झाडांवरून, दगडांवरून ओळखली जाई आणि बाग बापाकडून मुलाकडे जाई. मालो नावाच्या त्यांच्या दैवताने घालून दिलेल्या नियमांचा आशय असा की, जे आपले नाही त्यास हात लावू नये आणि दुसऱ्याच्या जागेत आगंतुकासारखे पाऊल टाकू नये. १८७९ साली क्वीन्सलंडच्या वसाहतीने ही बेटे आपल्या राज्यास जोडून घेतली. त्यासाठी बेटावर लढाई झाली नाही, तह झाला नाही, विक्रीखत तर नाहीच नाही. लोक आपापल्या बागा कसत राहिले आणि दूर कोठेतरी कागदोपत्री त्या बागा ब्रिटिश राजमुकुटाच्या झाल्या.

एडी कोइकी माबो यांचा जन्म याच मेर बेटावर १९३६ साली झाला. पुढे ते मुख्य भूमीवरील टाउन्सव्हिल येथे जेम्स कुक विद्यापीठात माळीकाम करीत असत. तेथील हेन्री रेनल्ड्स आणि नोएल लूस या इतिहासाच्या अभ्यासकांशी बोलताना १९७० नंतरच्या दशकात त्यांना प्रथमच कळले की, ज्या जमिनीला आपण आपली म्हणत आलो ती कायद्याच्या दृष्टीने सरकारी जमीन आहे. ज्याच्या वाडवडिलांनी ती बाग राखली त्याला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मे १९८२ मध्ये माबो आणि त्यांचे चार सहकारी यांनी ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयात, ज्यास तेथे हायकोर्ट म्हणतात, दावा दाखल केला.

त्या दाव्याच्या आड तत्पूर्वीचे निर्णय उभे होते. ऑस्ट्रेलियाची भूमी युरोपीय लोक आले तेव्हा व्यवहारतः निर्जन व कायदाविहीन होती, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८८९ साली म्हणून ठेवले होते. १९७१ साली उत्तरेकडील गोव्ह द्वीपकल्पाच्या योल्ङु लोकांचा, त्यांच्या भूमीवरील बॉक्साइटच्या खाणीविरुद्धचा दावा न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी फेटाळला. त्या निकालातील विलक्षण गोष्ट ही की, या लोकांची स्वतःची सुसूत्र कायदेव्यवस्था आहे हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र त्या व्यवस्थेतील भूमीशी असलेले नाते आपल्या कायद्यातील 'मालमत्ता' या शब्दात बसत नाही, असे ठरविले. म्हणजे न्यायाधीशास सत्य दिसले, परंतु ते मोजावयाचे माप त्याच्यापाशी नव्हते.

मेरच्या दाव्यात क्वीन्सलंड शासनाने जे केले ते कोणत्याही जुन्या सरकारी नोकरास ओळखीचे वाटेल. दावा हरण्याची शंका येताच १९८५ साली शासनाने कायदाच संमत करून टाकला की, बेटे जोडून घेतली तेव्हाच तेथील सारे पूर्वहक्क संपले होते आणि त्यांची कसलीही भरपाई देय नाही. १९८८ साली न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने तो कायदा वंशभेदविरोधी कायद्याच्या विरुद्ध म्हणून निष्प्रभ ठरविला. दरम्यान बागांच्या हद्दी, वारसा, दत्तविधान यांविषयी क्वीन्सलंडच्या न्यायालयात प्रदीर्घ साक्षी झाल्या. तेथे एक दारुण गोष्ट घडली. १९९० सालच्या निष्कर्षांत, माबो यांना त्यांच्या मामाने दत्तक घेतल्यामुळे त्या कुटुंबाची जमीन त्यांच्याकडे आली, हे त्यांचे म्हणणे न्यायाधीशांनी स्वीकारले नाही. म्हणजे ज्याच्या नावाने तो खटला जगभर ओळखला जातो त्याचा वैयक्तिक दावा वस्तुस्थितीच्या चौकशीतच अडखळला. २१ जानेवारी १९९२ रोजी माबो कर्करोगाने वारले. साडेचार महिन्यांनी, ३ जून १९९२ रोजी, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला: मेरची भूमी मेरियम लोकांची आहे.

या निकालातील तत्त्व आपण नीट समजून घेतले पाहिजे. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी राज्याचे सार्वभौमत्व नाकारले नाही. राज्य आले म्हणजे भूमीवरील अंतिम अधिकार राज्याकडे जातो. त्या अधिकाराच्या बळावर राज्य पट्टे देते, कर घेते, वाद मिटवते. परंतु हा अंतिम अधिकार आणि प्रत्यक्ष उपभोगाची मालकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. भूमीवर पूर्वीपासून ज्यांचा हक्क होता त्यांचा हक्क राज्याच्या आगमनानेच बुडत नाही; तो राज्याच्या अधिकारावर एक भार म्हणून टिकून राहतो. भूमी कोणाचीच नव्हती, ही शे-दोनशे वर्षे चालत आलेली कल्पना तेथील लोकांना माणसांत न गणण्यावर आधारलेली होती आणि म्हणून ती टिकू शकत नाही, असा या निकालाचा गाभा.

हे वाचीत असता आम्हांस आपल्याकडील मीमांसाशास्त्राची आठवण झाली. विश्वजित् नावाच्या यागात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावयाचे असते. आता यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही देऊन टाकावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात उपस्थित केला आहे. उत्तर नकारार्थी आहे. भूमी ही सर्वांना सारखी आहे, राजा तिचा रक्षक आहे आणि त्याबद्दल त्यास आपला भाग मिळतो. मात्र जे त्याच्या मालकीचेच नाही ते त्यास देता येणार नाही. शबरस्वामींचे भाष्य आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांचा निकाल यांत काळाचे, देशाचे आणि भाषेचे केवढे अंतर आहे! तरीही राज्य करणे आणि मालक असणे या गोष्टी भिन्न आहेत, हे दोघांनाही दिसले.

धर्मशास्त्राने याहूनही सूक्ष्म विचार केला आहे. वस्तू आपल्याकडे कशी आली, खरेदीने, दानाने की वारशाने, या मूळ कारणास 'आगम' म्हणतात. आणि ती प्रत्यक्षात ताब्यात ठेवून उपभोगणे म्हणजे 'भोग'. दोहोंत विरोध आला तर आगम श्रेष्ठ, असे याज्ञवल्क्य सांगतात. नुसत्या कब्जाने मालकी सिद्ध झाली असती तर चोरही मालक ठरला असता. परंतु त्यांनी तेथेच एक अपवाद केला आहे: जो भोग पूर्वजांपासून क्रमाने चालत आला आहे त्यास आगम विचारू नये. बिदरजवळच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत हा अपवाद उलगडून सांगितला आहे. मनुष्याच्या स्मरणात राहील असा काळ शंभर वर्षांचा. त्याच्या आतील भोगास आगमाची जोड हवी. त्यापलीकडे गेलेल्या, तीन पिढ्या अविच्छिन्न चाललेल्या भोगाचा आगम कोण दाखवू शकणार? लेखपत्रे कुजतात, साक्षीदार मरतात. म्हणून तेथे भोग हाच पुरावा.

हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वनवासी लोक होते, असा आमचा दावा नाही. त्यांना समाजाच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्यात हीच शास्त्रे पुढे होती. महाभारतातील खांडववन जाळले गेले तेव्हा त्यातील नागांना, पशुपक्ष्यांना कोणी आगम विचारला नाही आणि भोगही विचारला नाही. त्याच वनातून जीव वाचवून निघालेल्या मयाने पुढे पांडवांची सभा बांधली. इरावतीबाई कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रसंगाकडे वीरकथा म्हणून न पाहता त्याचा हिशेब मागितला, हे वाचकांस स्मरत असेलच. तात्पर्य, तत्त्व आपल्या घरी होते. ते कोणासाठी वापरावयाचे आणि कोणासाठी नाही, यात आपण भेद केला.

इंग्रजी अमदानीत हा भेद कायद्याच्या पोटात शिरला. १८६५, १८७८ आणि १९२७ अशा क्रमाने वनकायदे झाले. १९२७ च्या कायद्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. एखादे जंगल राखीव करावयाचे ठरले की तशी उद्घोषणा करावयाची, आणि त्यात किमान तीन महिन्यांची मुदत देऊन लोकांनी आपापले हक्क लेखी किंवा समक्ष येऊन सांगावेत, असे कळवावयाचे. मुदतीत जो हक्क सांगितला गेला नाही तो, काही अपवाद सोडता, संपला. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. परंतु ज्यास अक्षर ठाऊक नाही, कचेरी ठाऊक नाही आणि आपल्या शेताला 'हक्क' नावाची वस्तू लागते हेच ठाऊक नाही, त्याने तीन महिन्यांत काय करावे? शेकडो वर्षांचा भोग तीन महिन्यांच्या मौनाने बुडाला. मुदतीच्या कायद्यात शासनास मात्र आपल्या जमिनीचा ताबा मागण्यासाठी ३० वर्षांची मुदत दिलेली आहे. दोन्ही तराजू एकाच दुकानातले, पण वजने निराळी.

आमच्या माळव्याच्या पश्चिमेस आलीराजपूर, झाबुआ, बडवानी हा भिल्ल-भिलालांचा मुलूख आहे. तेथे जंगलात राब करून काढलेल्या शेतास 'नेवाड' म्हणतात. गावातील म्हाताऱ्यास विचारले तर तो प्रत्येक नेवाडाचा इतिहास सांगतो; कोणत्या पिढीत कोणी ते काढले, कोणत्या महुव्यापासून कोणत्या ओहोळापर्यंत त्याची शीव आहे, कोणाची स्मृतिशिला कोठे उभी आहे. पटवाऱ्याच्या खसऱ्यात यातले काही नसते. खसऱ्याच्या शेवटच्या रकान्यास 'कैफियत' असे नाव आहे. आपल्या जुन्या मराठीत कैफियत म्हणजे एखाद्याने आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगणे. गावोगावच्या कैफियती आपल्या इतिहाससंशोधकांनी मोठ्या आदराने छापल्या. खसऱ्यातील कैफियत मात्र ज्याच्याविषयी असते त्यास कोणी विचारीत नाही. तेथे 'अतिक्रमण' एवढा एक शब्द पडला की पुरे.

या एका शब्दाची किंमत नर्मदेच्या खोऱ्यात कळली. नर्मदा पाणीतंट्याच्या १९७९ च्या निवाड्यात, सरदार सरोवरात ज्यांची २५ टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्या कुटुंबास जमिनीबद्दल जमीन आणि तीही किमान दोन हेक्टर, अशी तरतूद केली होती. त्या काळाच्या मानाने ती उदारच म्हटली पाहिजे. परंतु जमीन कोणाची, हे कागदावरून ठरावयाचे होते. ज्यांचे आयुष्य नेवाडावर चालले होते त्यांच्या नावे कागदच नव्हता. सबब त्यांचे काही जात नव्हते. पुढे लोकांच्या लढ्यानंतर १९८७ साली गुजरात शासनाने भूमिहीन आणि अतिक्रमणदार म्हणून गणलेल्यांनाही पाच एकर देण्याचे मान्य केले. यावरून एवढे सिद्ध होते की, अडचण अशक्यतेची नव्हती, पाहण्याची होती. २०१९ साली धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याच्या विजेतील ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाचा, २७ टक्के महाराष्ट्राचा व १६ टक्के गुजरातचा आहे. इंदूरात, नाशिकात वा वडोदऱ्यात आपण जो दिवा लावतो त्यात त्या बुडालेल्या शेतांचा काही अंश आहे, हे विसरता येत नाही.

२००६ साली आपल्या संसदेने वनहक्कांचा कायदा केला. वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली या कायद्याने आपल्या उद्देशिकेतच दिली आहे. असा शब्द कायद्यात क्वचितच आढळतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांना आणि तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे राहिलेल्या इतर वननिवासींना हक्क सांगता येतो. धर्मशास्त्रातील त्रिपुरुष भोगाची येथे सहज आठवण होते. नियमांनी पुराव्याचे दारही रुंद केले. गावातील वडीलधाऱ्यांचा जबाब, शेताचे बांध, विहीर, स्मशान, देवस्थान, वंशावळ हे सारे पुरावे म्हणून धरावयाचे आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरावयाचा नाही.

कायदा असा असूनही लाखो दावे नामंजूर झाले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दावे नामंजूर झालेल्यांना हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीस तो स्वतःच स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत डोंगरोडोंगरी काय वातावरण असेल याची आपण शहरवासीयांना कल्पना येणे कठीण. आपल्या घरावर अशी नोटीस लागली असती तर आपण वकील गाठला असता. त्यांच्यापैकी पुष्कळांना आपला दावा नामंजूर का झाला याचे लेखी कारणही मिळाले नव्हते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे न्यायाचे होईल. पहिला आक्षेप असा की, इतिहासात इतके मागे जाऊ लागलो तर कोठे थांबावयाचे? आजच्या आदिवासीच्या आधीही कोणी असेल. दुसरा आक्षेप, कागदाचा आग्रह सोडला तर खोटे दावे शिरतील आणि जंगल धनदांडग्यांच्या घशात जाईल. तिसरा, धरणे, खाणी, अभयारण्ये ही साऱ्या देशाची गरज आहे. मूठभरांसाठी ती अडवून धरावी काय?

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. खोटा दावा करणारा सहसा कागद घेऊनच येतो. ज्याच्यापाशी बनावट कागद करण्याची ऐपत आहे त्यास कागदाचा आग्रह अडवीत नाही. तो आग्रह खऱ्या भोगवट्याच्या माणसास अडवितो. गावसभेत सर्वांदेखत खोटे बोलणे कचेरीत खोटे लिहून देण्यापेक्षा पुष्कळच कठीण असते. तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर ओडिशातील नियमगिरीने दिले. तेथील डोंगरिया कोंध लोकांच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावयाची होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्यांच्या श्रद्धेच्या व सामूहिक हक्कांच्या प्रश्नावर ग्रामसभांनी विचार करावा. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. देशाची गरज असेल तर ती त्यांच्यापुढे जाऊन सांगावी आणि त्यांचे उत्तर ऐकावे, एवढीच ही अपेक्षा आहे. शेजाऱ्याच्या अंगणातून पाण्याचा पाट न्यावयाचा असला तरी आपण त्यास विचारतोच.

पहिला आक्षेप सर्वांत खोल आहे आणि तो ऑस्ट्रेलियातही सुटलेला नाही. माबो निकालाने तत्त्व मान्य केले, पण जेथे जमिनी पूर्वीच वसाहतवाल्यांना देऊन टाकल्या होत्या तेथील हक्क बुडालेलाच राहिला. मरे नदीकाठच्या योर्ता योर्ता लोकांचा दावा २००२ साली शेवटी फेटाळला गेला. इतिहासाच्या लोंढ्यात त्यांच्या परंपरा वाहून गेल्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्या खटल्यात एका जुन्या मेंढपाळ वसाहतवाल्याने लिहून ठेवलेल्या आठवणींना आजच्या वृद्धांच्या तोंडी साक्षीपेक्षा अधिक वजन मिळाले. त्यांच्या पूर्वजांनी १८८१ साली शेतीसाठी थोडी जमीन द्यावी म्हणून अर्ज केला होता. त्या अर्जातूनच त्यांची जुनी जीवनपद्धती संपली होती असा निष्कर्ष निघाला. ज्याला हुसकून लावले त्याचे हुसकले जाणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. असे असूनही गाडी तेथेच थांबली नाही. ज्या गोव्ह द्वीपकल्पावर १९७१ साली दावा फेटाळला गेला होता तेथील हक्क पूर्वी हिरावले गेल्याबद्दल भरपाईचे दायित्व येऊ शकते, हे तत्त्व त्याच उच्चतम न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले.

कोठे थांबावयाचे, याचे आमच्या अल्पमतीस सुचणारे उत्तर असे. पहिला मनुष्य शोधीत बसण्याचे कारण नाही. आज जो त्या भूमीवर जगतो आहे आणि ज्याचा तेथील भोग स्मरणापलीकडून अखंड आला आहे, त्याच्यापुढे उभे राहून आपला आगम दाखविण्याची जबाबदारी मागाहून आलेल्याची आहे. पुराव्याचा भार कोणी वाहावयाचा, हाच या साऱ्या वादाचा नैतिक गाभा होय. आजवर तो भार ज्याच्या खांद्यावर कमीत कमी बळ आहे त्याच्यावर टाकला गेला.

आता थोडे आपल्याविषयी. आपली घराणी माळव्यात आली ती पेशव्यांच्या फौजांबरोबर. अमझेऱ्याची लढाई १७२८ साली झाली. बादशहाकडून माळव्याच्या कारभाराचे फर्मान पेशव्यांना मिळाले ते १७४१ साली. म्हणजे भोग तलवारीने आला आणि आगम तेरा वर्षांनी लेखणीने. त्यानंतर होळकर, शिंदे, पवार यांच्या सनदा. त्यांतून इनामे, वतने, जहागिरी. आपल्यापैकी कित्येकांच्या पेटीत मोडीतील तो कागद कसर लागून पडला असेल. १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांना काय वाटले हे आपण घरात ऐकले आहे. पिढ्यानपिढ्यांचा हक्क एका कागदाने कसा जातो, याचे दुःख आपणांस परके नाही. फरक एवढाच की आपणांस भरपाई मिळाली, शिक्षण मिळाले, नोकऱ्या मिळाल्या.

आपल्याच इतिहासात एक निराळे उदाहरणही आहे. डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्ल लोक पूर्वापार एक लहानसा कर घेत. त्यास 'भिलकवडी' म्हणत. त्यास लूट ठरवून केवळ फौज धाडणे अहिल्याबाईंना शक्य होते. लुटारूंचा बंदोबस्त त्यांनी केलाच, परंतु भिलकवडीचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि त्याच्या बदल्यात वाटांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच लोकांवर सोपविली, असे सर जॉन माल्कमने नोंदविले आहे. भिल्लांपाशी त्या हक्काची सनद नव्हती. वहिवाट होती आणि ती त्या राजकर्त्या स्त्रीस पुरेशी वाटली. मेवाडात नव्या राण्याच्या कपाळी भिल्लाने आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावण्याची प्रथा सांगितली जाते. त्या टिळ्यातही आधीच्या धन्याची ओळख होती. अशी ओळख समारंभात ठेवणे सोपे, दप्तरात ठेवणे कठीण. 'आदिवासी' हा शब्दच पाहा. आधीपासून राहणारे, हे आपण नावात मान्य केले. खसऱ्यात मान्य करण्यास स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे लागली.

हक्क मिळाल्यावर हे लोक जंगल विकून खातील, अशी भीती सुशिक्षितांच्या बैठकीत नेहमी व्यक्त होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाकडे अशांनी पाहावे. २००९ साली त्या गावास सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबूची तोड आणि विक्री स्वतः नियमाने चालविली, एकमताने निर्णय घेण्याची आपली रीत सोडली नाही, आणि २०१३ साली खाजगी शेतजमिनीही ग्रामदानात गावाच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. कागद हाती आल्यावर त्यांनी तो एकेकाच्या पेटीत न ठेवता गावाच्या हवाली केला. मेरच्या मालोचा नियम आणि मेंढ्याची ही रीत यांत आम्हांस सख्खे नाते दिसते. भूमीचे आपण धनी असलो तरी तिचे राखणदार अधिक आहोत, ही जाण दोन्हींकडे आहे.

कोणी माळवा सोडून जावे किंवा शहरे उठवावीत, असे या लेखाचे म्हणणे नाही. तसे आदिवासींनीही कधी म्हटलेले नाही. आपल्याकडून होण्याजोगे थोडे आहे, पण ते आपल्या हाती आहे. आपल्यातील कित्येकांची मुले-नातवंडे आज वनखात्यात, महसुलात, न्यायखात्यात, खाण कंपन्यांत अधिकाराच्या जागी आहेत. एखादा दावा त्यांच्या टेबलावर येईल तेव्हा त्यात कागद नाही एवढे पाहून त्यांनी तो बाजूस सारू नये. म्हाताऱ्याचा जबाब घेण्यासाठी डोंगर चढून जावे. बैठकीत कोणी 'अतिक्रमण' हा शब्द सहज उच्चारला तर कोणी कोणावर, असे विचारण्याचे धैर्य आपण दाखवावे. आणि आपल्या घरात जुनी सनद असेल तर ती नातवंडांना अवश्य वाचून दाखवावी. त्याबरोबरच ती मिळाली तेव्हा त्या जमिनीवर कोण राहत होते, हेही त्यांस सांगावे. ठाऊक नसेल तर शोधावे. आमच्या पिढीस ते शोधण्यास अद्याप थोडा वेळ आहे.